पेंग आली की संशोधन

कोणताही लेख हातात आला की मॅडम गाल तळहातावर टेकवायच्या आणि वाट पाहायच्या. डोळे मिटू लागले की खूश होऊन म्हणायच्या, "हाव सर, पेंग येऊन राहिली. हे पक्कं संशोधन!"

हसू नका, मंडळी. नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या आणि पन्नाशीला टेकल्यावर पीएच.डी. करत होत्या. विषय काय, तर गावाकडच्या बायकांचे टोमणे! मार्गदर्शकांनी बजावलं होतं, "संदर्भ अभ्यासकांचेच हवेत, रविवारच्या पुरवणीतले नकोत." ते ओळखायचे कसे, हे सांगायचं राहिलं. म्हणून मॅडमनी झोपेची परीक्षा काढली.

एकदा स्टाफरूममध्ये एक लेख वाचताना त्या पोट धरून हसल्या. त्यातला टोमणा आम्हालाही वाचून दाखवला: "आमची सून चहा करीत न्हाई, पाण्याला दुधाची निस्ती ओळख करून देती!" मग डोळे पुसत लेख बाजूला टाकला. "एवढी मजा आली सर, म्हणजे हे काही खरं न्हाई." पुरवणीतल्या एका रटाळ लेखावर मात्र त्या चक्क घोरल्या. तो मानाने प्रबंधाच्या प्रकरणात गेला.

प्रकरण परत आलं. लेखांचा सगळा गठ्ठा घेऊन आम्ही दोघं मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी नेमका टाकलेला लेख उपसला. "बाई, झोपेचं सोडा. कोणी, कुठं, कुणाला विचारून लिहिलंय ते बघा. तळटीप वाचा."

मॅडमनी वाचली. टोमणा सांगणारीचं नाव, गाव, तालुका हदगाव.

"अगं बाई! ह्या तर आमच्या आत्याबाई!" म्हणजे त्यांच्या सासूबाई. "मग तो चहा..."

"तुमचाच," मी मदत केली.

मार्गदर्शक हसले नाहीत. "आता असे टोमणे तुम्ही स्वतः जाऊन गोळा करा. नाहीतर नोंदणी रद्द."

दर रविवारी मॅडम हदगावची एसटी धरू लागल्या. सोमवारी चेहरा पडलेला. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालं की सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, "माझी सून लई गुणाची हाय."

"जन्मभर टोचून बोलल्या सर, आन् आता लई गोड बोलून राहिल्या. हे खरं धरू का ते?"

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

शेवटी रजा टाकून त्या तिकडेच राहायला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बसतात. परवा मेसेज आला: "सर, टोमणा मिळाला! मी कणीक मळताना आत्याबाई बोलल्या. लई झणझणीत, तुम्हाला सांगण्यासारखा न्हाई. प्रकरण बचावलं!"