साचेखात्यातला हशा

"दसऱ्याक खात्यात उभो ऱ्हव. साचेवाले हसले तर पुढे कर काय ता. नाय हसले तर ह्यां खूळ बंद."

लालबागच्या आमच्या खोलीत जेवता जेवता काका हे बोलले आणि पुन्हा ताटातल्या बांगड्याकडे वळले. माझ्या नकलांबद्दल ते इतकं सलग पहिल्यांदाच बोलले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा ऐन भरात होत्या. नेमकं साल सांगायला गेलो तर दोन दसऱ्यांत माझा घोटाळा होतो, म्हणून सांगत नाही. मी कोकणातून येऊन काका-काकूंकडे राहत होतो. काका ज्या गिरणीत साचे चालवत, म्हणजे कापड विणण्याचे माग, तिथेच त्यांच्या शब्दावर मला टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली होती. माझं टेबल फाटकाजवळ. साचेखात्यात मी कधी निरोप घेऊन गेलोच तर दारापर्यंत. दार उघडलं की साच्यांच्या खडखडाटापुढे कानात दुसरं काही शिरतच नसे. आत माणसं कशी वागतात, कशी बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

नकला मी चाळीच्या गणपतीत सुरू केल्या. सभांमुळे त्या दिवसांत घरोघर नकलाकार झाले होते. पुढाऱ्याच्या आवाजात बोलता येत नाही असं पोर चाळीत शोधून सापडलं नसतं. जिलबीसाठीसुद्धा जिन्यावरून मोर्चा निघे, "मिळालीच पाहिजे! मिळालीच पाहिजे!" बोलणाऱ्यांची नक्कल सगळेच करतात असं पाहून मी ऐकणाऱ्यांची करायला लागलो. सभेला उशिरा येऊन शेजाऱ्याला "काय म्हणाले? काय म्हणाले?" विचारत राहणारा, आणि त्या नादात पुढचंही चुकवणारा. चपला हरवू नयेत म्हणून त्या हातात धरून टाळ्या वाजवणारा.

मला भीती फार वाटायची. तळहाताला घाम सुटे, आवाज वर चढे आणि पुढचं वाक्य आधीच्या वाक्यावर जाऊन आदळे. काकू म्हणे, "अरे, तू नकला करतोस की तुला ताप आलाय?" पण हसायची ती. पदर डोळ्यांना लावून हसायची. काका मात्र नाही. मी घरात काही करून दाखवू लागलो की ते ओठ मिटून भिंतीकडे बघत, आणि थोड्या वेळानं उठून गॅलरीत जात. मी समजलो, त्यांना हे पसंत नाही. आमच्या घराण्यात असलं कुणी केलेलं नव्हतं, आणि माझी नोकरी त्यांच्या शब्दावर होती. त्यामुळे त्यांनी अट घातली ती मला रास्तच वाटली.

वाईट एवढ्याचंच वाटत होतं की ती गोष्ट सुटेल. दिवसभर मी दुसऱ्यांच्या हजेऱ्या उतरवायचो. त्यात चूक होत नसे, पण त्यात मीही नसे. नक्कल करताना, घामेजलेला आणि थरथरणारा का होईना, मी असायचो. हे काकांना सांगणं शक्य नव्हतं.

दसऱ्याला करायला मी एक नवीन नक्कल बसवली. त्यात एक साचेवाला होता. वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून साचेवाल्यांना कमी ऐकू येई आणि ते मोठ्यानं बोलत. आमचे काका खोलीत पाणी मागत तेव्हा पलीकडच्या खोलीतली बाई तांब्या घेऊन येत असे. असा माणूस सभेला जातो. लांबून पुढाऱ्याच्या ओठांवरून भाषण वाचतो आणि शेजाऱ्यांना हातवारे करून सांगतो. पुढारी मध्येच पाणी प्यायला लागतो, तर हा म्हणतो, "थांबा, आता महत्त्वाचं बोलतोय." नमुना घरातच होता, मला लांब जावं लागलं नाही; काकांचं ते खोलीत पाणी मागणंही मी नकलेत पुढे घातलं.

दसऱ्याला गिरणीत साचे बंद असत. ते धुऊनपुसून त्यांना झेंडूची तोरणं, आंब्याचे टहाळे बांधत. बायकामुलं येऊन खातं बघून, प्रसाद घेऊन जात. मग मागे राहिलेल्या साचेवाल्यांचा कार्यक्रम. दोन फळ्या जोडून त्यावर जाजम टाकलं होतं. खात्याच्या जॉबरनं, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमानं, माझ्या पाठीत थाप मारली. "चढा कारकूनसाहेब. आज तुमची हजेरी आम्ही घेणार."

मी चढलो. ज्या जागेत कधी शब्द ऐकू आला नव्हता तिथे टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पहिलं वाक्य बोललो. काही नाही. दुसरं बोललो. चाळीत करून बघितली तेव्हा ह्या जागेला हमखास हशा येई. इथे समोरच्या सगळ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. एकानं मान खाली घातली. एकानं टोपी काढून तोंडावर धरली. एक तर तोंड फिरवून साच्याकडे बघत बसला. पाणी पिणाऱ्या पुढाऱ्यापर्यंत आलो आणि माझ्या डोक्यात आलं, अरे, ही ह्यांच्याच बहिरेपणाची थट्टा आहे. ह्यांना ती लागली. मी हात जोडले, "माफ करा" म्हणालो आणि नक्कल अर्धी टाकून खाली उतरलो.

कापडाचे तागे रचले होते त्यांच्या आड जाऊन उभा राहिलो. मागोमाग जॉबर आला. घाटावरचा माणूस, बोलणं रांगडं.

"काय ओ, मधीच का उतरला? भोंगा झाला का काय?"

"कोणी हसत नाही. त्यांना राग आलाय."

"राग? आरं, तिकडं एकाला उचकी लागलीय हसून हसून!"

"आवाज तर नाही आला."

लहान पोराला सांगावं तसा जॉबर म्हणाला, "तुमी फाटकावरची माणसं. आवो, बोलताना वारं भाईर जातंय, हसताना आत येतंय. आन् आमच्या खात्यातलं वारं निम्मं कापूस. एकदा तोंड उघडून हसला की खोकून खोकून जीव जातोय. मग कोण तोंड उघडंल?"

"पण आज तर साचे बंद आहेत. हवा साफ आहे."

"ते तोंडाला कोण सांगणार, आज दसरा हाय म्हणून?"

तेवढ्यात काका आले. माझा चेहरा बघून त्यांना काय झालं ते कळलं असावं.

"हसाक तोंड कित्याक व्हया?" ते म्हणाले. "खांदे बघलंस काय तू?"

खांदे मी बघितले नव्हते. मी कानांनीच ऐकत बसलो होतो. आणि एकदम मला आमची खोली आठवली, ते मिटलेले ओठ, ती भिंत, ते गॅलरीत जाणं.

"काका, म्हणजे घरी तुम्ही..."

"घरात तुझी काकू हसता ता पुरे नाय?" काका ताग्यांकडे बघत म्हणाले. "जा आता. अर्धी नक्कल घराक आणू नको."

मी पुन्हा चढलो. पाणी पिणाऱ्या पुढाऱ्यापासून सुरू केलं आणि ह्या वेळी खांद्यांवर नजर ठेवली. पुढच्या रांगेत एक खांदा उडाला. मग त्याच्या शेजारचा. मग मागे, शेत वाऱ्यानं हलावं तशी ती सगळी रांग. आवाज कुठेच नाही. टोपीवाल्यानं टोपी दातात धरली होती. ते हलणं थांबेपर्यंत बोलायचं नाही, एवढं मला आपोआप कळलं, आणि त्या थांबण्यात माझा आवाजही जागेवर आला. चाळीत मी कधी थांबलोच नव्हतो. हशाला घाबरून पुढे पळत होतो.

खोलीत पाणी मागण्याची जागा आली. काका आपल्या साच्यांपाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. दोन्ही हात साच्यावर टेकलेले, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले दोन्ही खांदे गदागदा हलत होते. बाकीच्यांनी ते पाहिलं. एकानं काकांचा दंड धरून त्यांना वळवलं, कानाला हात लावला आणि त्यांच्याकडे बोट केलं. म्हणजे, हा तूच! काकांनी दोन्ही हातांनी भराभर काहीतरी उत्तर दिलं. त्यावर सगळं खातं पुन्हा हललं.

साच्यांच्या आवाजात ते ज्या हातखुणांनी एकमेकांशी बोलत त्या मला कळत नव्हत्या. खाली उतरल्यावर जॉबरला विचारलं, "काका काय म्हणाले?"

"म्हनला, पुतण्या माझा, पर अक्कल काकीची."

घरी काकूनं ताट वाढता वाढता विचारलं, "काय, हसले काय?"

"खांदे हलले," काका म्हणाले, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यांच्यापुरता निकाल लागला होता.

मी पुढे बरीच वर्षं नकला केल्या. मोठा नकलाकार झालो नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. दादरला, गिरगावात, ऑफिसच्या स्नेहसंमेलनांत, लग्नघरी. तिथे लोक खदाखदा हसत. मला ते आवडे, पण नजर मात्र खांद्यांवरच जाई.

काका नोकरी संपल्यावर गावी गेले. एका मे महिन्यात मी बायकोमुलांना घेऊन गेलो होतो. पडवीत सगळे बसले होते, समोर माड, स्वच्छ वारा. मुलांनी हट्ट धरला म्हणून मी ती साचेवाल्याची नक्कल केली. काकांचे केस पिकले होते, अंगात सदरा ढगळ होत होता. पाणी मागण्याची जागा आली आणि त्यांनी तळहात तोंडावर दाबला.

"आता हय खंयचो कापूस?" काकू म्हणाली. "हसा की मोकळे!"

काकांनी नुसती मान हलवली. हात तसाच. मुलं हसून लोळत होती. ती केव्हाच गप्प झाली, पण मी थांबून राहिलो. काकांचे खांदे स्थिर झाले, मग पुढचं वाक्य घेतलं.