चिंचेच्या सावलीसाठी तळ्याला फेऱ्या

जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या मैदानात तेव्हा चिंचेचं एकच मोठं झाड होतं, आणि त्याच्या सावलीतली जागा माझी होती. डोक्यावर दोरांचं ओझं घेऊन सहा वर्षं गावोगाव फिरल्यावर मी त्या झाडाखाली बसू लागलो होतो. कासरे, वेसणी, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे मांडायचो. सावलीत गिऱ्हाईक थांबतं, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाला माल कसा घ्यायला लावायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग एक पानवाला म्हातारा येऊ लागला. माझ्या आधी येऊन पानांच्या पाट्या सावलीत मांडून बसे. चार बाजार आम्ही भांडलो. पाचव्या बाजारी मी त्याची पाटी उचलून उन्हात ठेवली, तेव्हा पाटलांनी दोघांना चावडीवर बोलावलं.

"लई जोर हाय ना अंगात? मंग तळ्याला फेऱ्या मारा," पाटील म्हणाले. "सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. ज्याच्या फेऱ्या जास्ती, त्याची सावली."

अटी घातल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नसे. बरोबरी झाली तर जुना म्हणून जागा माझी, हे आधी कबूल करून घेतलं. दिवस बुडाला की चावडीवरची घंटा वाजवू, असं पाटील म्हणाले. ते मी खोडून काढलं, कारण घंटा वाजवणारा शिपाई म्हाताऱ्याकडून फुकट पान खायचा.

"सूर्य बुडाला की दिवस बुडाला. सूर्य कुणाचं पान खात न्हाई," मी म्हणालो.

पाटील हसले आणि अट मान्य झाली.

माघ संपत आला होता, दुपारचं ऊन तापू लागलं होतं. तळ्याच्या उंच पाळीवर एका टोकाला पाटील बाज टाकून बसले. बाजेखाली दोन गाडगी. दर फेरीला आपापल्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. वाट तळ्याच्या काठानं वळसा घेऊन सांडव्याच्या खोलगटीत उतरे आणि तिथून चढून पाळीवरून परत बाजेपाशी येई.

सकाळी मी तीन फेऱ्या पुढे होतो. म्हातारा अनवाणी, एकाच चालीनं, तोंडात पान घोळवत चालत होता. त्याला मागं टाकताना मी म्हणालो, "मामा, घरी पानं सुकून राहिली."

"सुकू द्या, शेट. तुमचे दोर तं सुकत न्हाईत ना? मंग तुमाला सावली काहून पाहिजे?"

मी पाय उचलले.

दुपारी नव्या वहाणांनी घात केला. टाचा सोलल्या. वहाणा काढल्या तर तापलेली माती, घातल्या तर आग. मी भाकरी खायला बसलो तेवढ्यात म्हातारा दोनदा समोरून गेला. चालता चालताच तो गूळ-फुटाणे खात होता. दिवस कलताना दोघांच्या गाडग्यांत सारखे चिंचोके झाले.

शेवटच्या फेरीला मी थोडा पुढे होतो. खोलगटीत उतरलो आणि सूर्य गेला. सगळीकडे सावली झाली. मी दगडावर बसलो, वहाणा काढल्या. बरोबरी, म्हणजे जागा माझी.

मागून म्हातारा आला. "काहून बसले, शेट? वर दिवस हाय अजून."

"मामा, असल्या फसव्या बोलण्यावर तं माझं पोट चालते. जा तुमी."

"बराबर," तो म्हणाला आणि चढून गेला.

थोड्या वेळानं पाळीवर लोक ओरडले. मी वहाणा हातात घेऊन वर चढलो. सूर्याची लाल कड अजून दिसत होती. पाळीवर ऊन होतं. म्हाताऱ्यानं आपला चिंचोका टाकला होता. मी पळालो, पण अर्ध्यावरच ती कड बुडाली.

मी पाटलांशी खूप भांडलो. खाली सूर्य बुडाला होता, मग तो दिवस कसला, असं विचारलं.

"सूर्य कुठून बघायचा, हे तुमी बोलले न्हाई," पाटील म्हणाले. "मी बसलो इथं. मला दिसला."

"मला कुणी सांगितलं न्हाई, वर दिवस हाय म्हणून."

हे मी सगळ्यांसमोर बोललो. म्हातारा तिथंच बसून तळव्यातला काटा काढत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं.

पाटलांनी पाळीवर बसून निकाल दिला आणि माझी जागा घालवली, असं मी आजवर सांगत आलो. ते खोटं नाही. पण माझा खरा राग म्हाताऱ्यावर आहे. त्यानं तिथंच मला खोटं पाडलं असतं, तर मी त्याच्याशी कडाडून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पुढच्या बाजारी मी रस्त्याकडेला उन्हात दोर मांडले. सावलीतून त्यानं मला एक विडा लावून पाठवला. मी तो परत पाठवला.