बाळंतिणीच्या खोलीचा कूलर

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय असतं? पण आमच्या विहीणबाईंनी विचारलं. "मोताळ्याच्या उन्हात पोटुशी पोर कशी राहीन हो? आमच्या इथं एसी हाये," त्या अकोल्याहून फोनवर म्हणाल्या. वैशाखात मुलीला घेऊन त्या स्वतः येणार, खोली पाहणार, पटली तर ठेवणार, नाहीतर परत घेऊन जाणार, असं ठरलं. मला इतका राग आला की सांगायची सोय नाही.

राग गिळून मी आमच्या कूलरकडे बघितलं. मागच्या खिडकीत बसवलेला पत्र्याचा जुना डबा. पंखा, पंप ठणठणीत. पाण्यानं भिजणाऱ्या गवताच्या ताट्या मात्र कुजून खाली सरकलेल्या, त्यामुळे वरून नुसती गरम हवा यायची. नवऱ्याचं म्हणणं, मोठा कूलर आणू. यांच्याकडे कुठल्याही दुखण्यावर मोठी वस्तू हेच औषध. तेवढ्याशा खोलीत तो उंट बांधायचा कुठे? मी हट्टानं दुकानात गेले आणि मधाच्या पोळ्यासारख्या जाड कागदी जाळीच्या ताट्या आमच्या मापात कापून आणल्या. त्या सगळीकडून भिजतात, हवा अडवत नाहीत आणि पाणीही कमी पितात. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मला तेच जास्त पटलं.

"ह्या पुठ्ठ्यानं थंड होते काय वं?" नवरा म्हणाला.

पहिल्या दुपारी खोलीत नुसती चिकचिक. कपडे अंगाला चिकटले, गादीसुद्धा दमट लागायला लागली. "म्या सांगतलं होतं," म्हणत हे हसले, तेव्हा ताट्या उपटून यांच्याच अंगावर फेकाव्यात असं वाटलं. मग पाहते तर समोरच्या खिडकीला सतरंजी ठोकलेली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. झळ येऊ नये म्हणून आमच्याकडे घरोघरी हेच करतात, आणि यांनी सकाळीच ते उरकलं होतं. मी सतरंजी ओढून काढली.

"अवं, झळ घुसन ना घरात!"

"आतल्या हवेले बाहेर जायले वाट नको काय? नवीन हवेनं काय तिच्या डोक्यावर बसावं?"

थोड्याच वेळात घाम सुकला. हे गुपचूप पलंगावर आडवे झाले आणि घोरायला लागले. अर्धी लढाई मी तिथंच जिंकले.

विहीणबाई आल्या त्या ऐन दुपारी. मुद्दाम, दुसरं काय! चहा नको म्हणाल्या, थेट खोलीत गेल्या. उघडी खिडकी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मुलगी पलंगावर टेकली. परत जावं लागेल या धास्तीनं तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी कूलर लावला. हळूहळू विहीणबाईंचं पदरानं वारा घेणं थांबलं, आणि बोलता बोलता मुलीचा डोळा लागला.

मी पाणी घेऊन आले, तर विहीणबाई तिच्या उशाशी उभ्या. हळूच म्हणाल्या, "ताई, एखादी चादर द्या. पोर गारठली." आणि मग, "बॅग गाडीतच हाये तिची. उतरवून घ्या."

चादर त्यांच्या हातात दिली आणि तापलेल्या अंगणातून मी अनवाणीच गाडीकडे धावले.