इंटरकूलरसमोरचा हार

मंडळी, आज सकाळी देवपूजा आटोपून थेट ट्रॅकवर गेलो. माझा धाकटा भाऊ दिनू रविवारच्या रेससाठी आमची टर्बोची गाडी पळवून बघत होता. तिसऱ्या फेरीला इंजिन पुन्हा टकटकायला लागलं. टर्बोकडून इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपला हात लावला तर चटकाच बसला.

टर्बो इंजिनासाठी हवा दाबतो, तशी ती तापते, आणि फार तापलेली हवा आत गेली की इंजिन टकटकतं. तिला गार करणारा इंटरकूलर बंपरच्या तोंडाशी असतो, समोरचा वारा लागावा म्हणून. आणि नेमका तिथेच आम्ही झेंडूचा जाड हार बांधतो! जाळीत पाकळ्या गच्च बसल्या होत्या.

"दिनू, हार काढून पळव बघू."

"हाराबिगर न्हाय जमायचं, दादा. रोज पूजा करणारा तू, आन् तूच आसं बोलतोस व्हय?"

"पिस्टन वितळला तर रविवारी ढकलत नेणार हाईस काय?"

कुरकुरत का होईना, तो तयार झाला. जाळी साफ केली, इंजिन निवू दिलं. पुन्हा तेवढ्याच फेऱ्या झाल्या. टकटक नाही, आणि पाइपवर हात ठेवता आला.

दिनू म्हणाला, "बरं, सरावाला नको. पर रेसला बांधूया की!"

मलाही जड गेलं. पण भावाला सुखरूप आण म्हणून देवीला हात जोडायचे आणि वाऱ्याची वाट आपणच अडवायची, हे तुम्हाला पटतं का?

रविवारी नारळ फोडू, हार देवीच्या फोटोला घालू. बंपरवरचे हाराचे हुक मात्र मी दुपारीच ग्राइंडरने कापून टाकले.