टाकं नसलेला डोंगर

सह्याद्रीतल्या गडांवर पाण्याचं टाकं असतंच, या सवयीने रियाधबाहेरच्या खडकाळ डोंगरावर मी एकच बाटली घेऊन चढलो आणि ती अर्ध्या वाटेतच संपवली. माथ्यावर नुसता तापलेला दगड. खाली वाळवंट असं पसरलेलं, की समुद्र नुकताच उठून कुठेतरी गेला असावा. घसा कोरडा पडला होता, उतरायचं कसं ते कळत नव्हतं, तरी नजर हलेना.

"सापडलं का टाकं, किल्लेदार?" मागून चढून आलेल्या बायकोने विचारलं.

"शोधतोय."

तिने सॅकमधून ताकाचा थर्मास काढला. "हे ओझं गाडीतच ठेव म्हणाला होतात ना?"

मी थर्मास तोंडाला लावला. गेलेला समुद्र घोटाघोटाने परत येत होता. ताकात मीठ कमी होतं, पण तेवढं मी बोललो नाही.