गेरूची पावलं

चित्रकला शिकवायला लागले तेव्हा माझी एकच अट होती. मुलांनी बसायचं. मांडी घाल, पाठ ताठ, वही समोर. मला तसंच शिकवलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. ही अट विठ्ठलवाडीतल्या पहिल्याच पावसाळ्यात मोडली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बदलापूरला मांजर्लीत राहायचे आणि विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ एका सिंधी कुटुंबाकडे संध्याकाळचा वर्ग चालवायचे. निर्वासितांच्या छावणीतल्या जुन्या बराकीवर त्यांनी फळ्यांचा माळा चढवला होता, तो मी भाड्यानं घेतला होता. खाली घरमालकीण अम्मा आणि त्यांचा मुलगा. अम्मांचे गुडघे गेलेले, दिवसभर खाटेवर. खाट बरोबर माझ्या वर्गाच्या खाली. खोली देताना मुलानं बजावलं होतं, "टीचर, ऊपर धमधम नहीं चाहिए. मम्मी को तकलीफ होती है. धमधम हुई तो कमरा खाली."

मी हो म्हटलं. त्याआधी तीन ठिकाणी पोरांचा वर्ग म्हटल्यावर दार लावून घेतलं होतं. लग्नानंतर सात वर्षांत माझं म्हणावं असं तेवढं एकच काही उभं राहिलं होतं, आणि ते त्या फळ्यांवर होतं.

सहा ते दहा वर्षांची अठरा मुलं. पावसात मैदानाचं तळं झालेलं, म्हणजे शाळेतून सुटलेला सगळा जोर माझ्याकडे यायचा. आधी पेन्सिली एकमेकांना टोचायच्या, मग कोणीतरी ढकलायचं, मग फळ्या वाजायच्या आणि खालून काठीनं छताला दोन ठोके पडायचे. मग मी ओरडायचे. माझ्या ओरडण्याचा आवाज त्यांच्या नाचण्यापेक्षा मोठा असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

त्यात एक मुलगी होती, आठेक वर्षांची, दोन वेण्यांतली एक नेहमी सुटलेली. एका जागी बसेल तर शपथ. तिच्या आईला मी दोनदा सांगितलं होतं की हिला कबड्डीत घाला, चित्रकला हिचं काम नाही. आई म्हणाली, "बाई, घरात एका खोलीत सहा माणसं. हिला कुठं सोडू? तुमच्याकडे तेवढीच बसते." बसते, म्हणे.

बसत नाहीत तर नाही, असं म्हणून मी शेवटी वह्या बंद केल्या. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यातून मापं आखून झालेला कागद आणला, लांबच लांब गुंडाळीचा, मागून कोरा. तो भिंतीला लावला आणि मुलांना उभ्यानं, खांद्यापासून हात फिरवून गोल काढायला लावले. काठीच्या टोकाला खडू बांधून दिले. कागद जमिनीवर पसरला, एकानं आडवं व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्याभोवती रांगत रेघ ओढायची. चित्रं बरी येऊ लागली, मुलंही दमायला लागली. पण फळ्यांचं काय? रांगणं झालं की उड्या यायच्याच.

त्यावर उपाय मला गौरींनी दिला. घरी गौरी आणताना उंबऱ्यापासून देवापर्यंत मुठीनं पावलं उमटवत होते, तेव्हा वाटलं, मुलांना खऱ्या पावलांनीच चित्र काढू दिलं तर? गौरी उठल्यावर दोन दिवसांनी मी परातीत गेरू कालवला, कागद पसरला आणि म्हटलं, पाय बुडवा आणि चाला, नदी काढायची आहे. ओल्या पायांनी कोणी उडी मारेना. घसरायची भीती. अठरा मुलं बोटं आवळून, हात पसरून, हळूहळू चालत होती. कोणी टाचेवर, कोणी चवड्यावर. ती मुलगी सगळ्यांच्या पुढे, वळणं घेत. अर्धा तास खालून एकही ठोका आला नाही. मला इतका आनंद झाला की पुढचं भान राहिलं नाही.

माळ्यावर मोरी नव्हती. नळ खाली, गल्लीत. मी म्हणाले, "सगळे खाली जा, पाय धुवा. ओळीनं, हळू." आणि ती ओळीनं, हळू, गेली. जिना अम्मांच्या पुढच्या खोलीत उतरायचा. म्हणजे त्या खोलीतून, उंबऱ्यावरून, थेट रस्त्यापर्यंत लाल पावलं उमटली. सगळी बाहेर जाणारी. अम्मांचं महालक्ष्मीचं सोळा दिवसांचं व्रत चालू होतं, मनगटाला पिवळा धागा होता. चार दिवसांपूर्वी मी स्वतः पावलांची दिशा चुकू नये म्हणून जपत होते आणि इथे अठरा पोरांकरवी लक्ष्मी घराबाहेर काढली.

अम्मांचा मुलगा त्याच्या दुकानातून आला तेव्हा मी पायऱ्यांवर होते. त्यानं जमिनीकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "मम्मी का व्रत चालू है और घर से लक्ष्मी बाहर जा रही है. इस महीने कमरा खाली करो."

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "मैंने नहीं बोला था. ये लड़की आगे भागी, बाकी सब इसके पीछे." आणि दारातून नळाकडे बोट दाखवलं.

"तो इसको निकालो."

"निकालती हूँ," मी म्हणाले.

ती नळाखाली एक पाय धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय धुवायची थांबली. रडली नाही, मी नाही केलं असंही म्हणाली नाही. बाई बोलल्या म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं असावं.

खाटेवरून अम्मांचा आवाज आला. "झूठ मत बोलो, टीचर. तुमने ही बोला, सगळे खाली जा, पाय धुवा. ऊपर का सब सुनाई देता है मेरे को."

चाळीस वर्षं या गावात काढलेल्या बाईला मराठी कळतं, हे मी धरलंच नव्हतं. मला फळीत गडप व्हावंसं वाटलं. अम्मांनी मुलाला जवळ बोलावून सांगितलं की पावलं पुसायची नाहीत, बच्चे जसे गेले तसे आत येतील. मी परात खाली आणली. मुलांनी पुन्हा पाय बुडवले आणि गल्लीतून आत, अम्मांच्या देवघरापर्यंत चालत आली. खोली राहिली. अम्मांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. आईनं पाठवलं असणार. कोपऱ्यात मांडी घालून बसली, पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाकीची कागद पसरत होती, ती हलली नाही. दोन महिने तिला असं बसवण्यासाठी मी घसा फोडला होता. आता ती बसली होती आणि ते माझ्याच्यानं बघवेना.

मी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, "काल मी खोटं बोलले. खाली जायला मीच सांगितलं होतं. हिनं काही केलं नव्हतं. खोली जाईल म्हणून मी घाबरले आणि हिचं नाव घेतलं." मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. मोठ्या माणसानं असं बोलायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

तिनं मांड्यांखालचे हात काढले.

"मग आता उठू का, बाई?"