तीन नंबर सीटवरचा डबा

ती डब्याची केस अजून माझ्या डोळ्यापुढनं हलत नाही. कारण आख्ख्या नोकरीत एकही केस उघडकीला आणली नाही तेवढ्या झटपट मी ती उघडकीला आणली, आणि आरोपी मीच निघालो.

आधी माझी ओळख. सातवी नापास. रायगड जिल्ह्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. हुशारीवर नाही, सिनिऑरिटीवर. पुढचे मरतील नाहीतर रिटायर होतील, तसा मी वर सरकत गेलो. आता कुवेतला मिरकाबमध्ये मुलीकडे असतो. मुलगी दवाखान्यात नर्स, जावई टुरिस्टांना शहर दाखवतो.

बंदराला मोठं प्रवासी जहाज लागलं की जावयाची धावपळ. म्हाताऱ्या गोऱ्या माणसांना बसमध्ये घालायचं, अर्ध्या दिवसात कुवेत दाखवायचं आणि जहाज सुटायच्या आत परत पोचवायचं. एकदा त्याचा मदतनीस आजारी पडला. जावई म्हणाला, "मामा, येता का? लोक खाली उतरले की बसमधल्या सामानावर नजर ठेवायची, बस एवढंच."

मी म्हटलं, "जावईबापू, तेहतीस वर्षं दुसरं काय केलं? फक्त नजर ठेवली."

त्या दिवशी ओस्लोकडची मंडळी होती. सगळी सत्तरीच्या पुढची. पहिला थांबा टॉवरचा. जावई त्यांना वर घेऊन गेला. बसमध्ये राहिलो मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर श्रीवर्धनकडचा, पोर चांगलं, मला मामू म्हणायचं. ते चहा आणायला गेलं आणि मी शिस्तीत राउंड मारला. ठाण्यात रात्री लॉकअप तपासायचो तसा, एकेक सीट बघत.

तीन नंबर सीटवर स्टीलचा डबा. आपला, कडीचा. झाकणावर नाव कोरलेलं, मराठी अक्षरात. चष्मा खिशात होता, नाव काय ते दिसलं नाही. पण मराठी आहे एवढं कळलं. आता गोऱ्या बाईकडे मराठी नावाचा डबा असेल का? म्हणजे ड्रायव्हरचाच. येड्यानं पाशिंजरच्या सीटवर ठेवलाय, म्हणून मी उचलून पुढं आणला. झाकण जरा उघडून बघितलं. वेलचीचा वास! आत जाडसर बिस्किटं, घरची.

ड्रायव्हर चहा घेऊन आला. मी डबा पुढं केला, "घे रे." त्यानं दोन घेतली. मी किती घेतली ते विचारू नका. डबा रिकामा झाला एवढं सांगतो. मग मी बाटलीच्या पाण्यानं डबा धुतला, पुसला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली नीट ठेवला. पुरावा नष्ट करणं, हे कलम वेगळं लागतं.

मंडळी परत आली. बस बाजाराकडे निघाली. इतक्यात मागं गडबड. एक उंच म्हातारी सीटखाली वाकून शोधतेय, डोळ्यात पाणी. जावई तिच्याशी बोलला आणि तिथनंच ओरडला, "मामा, तीन नंबरवरची वस्तू गेली! तुम्ही बसमध्येच होता ना?"

झालं. माझ्यातला फौजदार जागा झाला. रिटायर माणसाला गुन्हा म्हणजे दिवाळी. मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही लोकांना सांभाळा. तपास माझ्याकडे."

बाजाराशी बस थांबली, मंडळी उतरली. तिथं थांबा चाळीस मिनिटांचा. डबा तर ड्रायव्हरचाच, तो माझ्या हिशेबातच नव्हता. बसमध्ये मी सोडून दुसरा कोण होता? ड्रायव्हर. मी त्याला मागच्या सीटवर बसवलं. आमच्या ठाण्याची पद्धत, आधी काही विचारायचं नाही. नुसतं बघत बसायचं. मनात पाप असेल तर माणूस आपोआप बोलतो.

मी बघतोय, तोही माझ्याकडे बघतोय. पाच मिनिटं गेली.

"मामू, तबियत बरी नाय का?" तो म्हणाला.

"मला शिकवू नको. कुठं ठेवलंस?"

"काय?"

"तेच."

"अल्लाची कसम, मना काय ठाव नाय. पण हरवलंय काय ते तरी सांगा."

आता आली पंचाईत. कारण ते मला माहीतच नव्हतं! फिर्याद घेताना पहिला प्रश्न काय, तर काय गेलं. नवा शिपाईसुद्धा हे विचारतो. मी फिर्याद न ऐकता आरोपी धरून बसलो होतो.

बाहेर आलो. जावई त्या बाईपाशी उभा होता. तिची हकिगत त्यानं मला सांगितली. बाई तरुणपणी इथं दवाखान्यात नर्स होती. तिच्या खोलीत एक रत्नागिरीची नर्स राहायची. बाई मायदेशी निघाली तेव्हा त्या मैत्रिणीनं वाटेत खायला एक डबा भरून दिला होता. तो परत द्यायचा राहिला. मैत्रीण आता इथंच, बनेद अल-गार भागात मुलाकडे असते. आज त्या दोघी इथं बाजारात भेटणार होत्या. एवढ्या वर्षांनी! त्याच्यासाठीच बाईनं हे जहाज धरलं होतं.

"डबा म्हणजे कसला?" मी विचारलं.

बाईनं वही काढली. तिच्यात गोल डब्याचं चित्र काढलं. कडी काढली. मग झाकणावर एकेक अक्षर काढायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं डबा पुसून पुसून प्रत्येक रेघ पाठ झालेली. वेलांटीसुद्धा चुकली नाही. मी चष्मा लावला आणि वाचलं. आपल्याकडच्या एका बाईचं नाव. ते इथं सांगत नाही.

"जावईबापू," मी म्हटलं, "आरोपी सापडला."

"कोण?"

"तुमचा सासरा."

जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. सासऱ्याला शिव्या देता येत नाहीत, हीच काय ती माझी जामिनाची सोय. ड्रायव्हर मागनं म्हणाला, "ती बिस्किटं बाईंची होती? मना वाटला तुमच्या घरची!" मी डबा आणला. चकाचक धुतलेला. बाईनं छातीशी धरला, मग उघडला आणि परत तिचा चेहरा पडला.

जावई म्हणाला, "बिस्किटं तिनं घरी केली होती, मामा. म्हणतेय, मैत्रीणच सांगायची, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो."

आता सांगा, ओस्लोची बाई ही रीत एवढी वर्षं पाळतेय आणि मी, ज्याच्या आईनं शेजारणीची वाटीसुद्धा निदान साखर घालून पाठवली, त्यानं तिचा डबा चाटूनपुसून रिकामा केला. मान खाली गेली. ठाण्यात साहेब बोलायचे तेव्हासुद्धा एवढी गेली नव्हती.

मैत्रीण यायला दहा मिनिटं होती. मी बसमध्ये गेलो आणि माझी पिशवी आणली. मुलीनं दुपारसाठी घावणे दिले होते, ओल्या नारळाची चटणी वेगळी. सगळे त्या डब्यात रचले. "सॉरी मॅडम," म्हटलं. माझं इंग्रजी तिथंच संपतं.

मैत्रीण आली. बुटकी, पांढरे केस, हातात काठी. दोघी एकमेकींना बघून आधी हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या. बाईनं डबा दिला. मैत्रिणीनं उघडला आणि बघतच राहिली.

"अगो, घावणे!" ती मराठीतच बोलली. "तुला खोलीवर मी हेच करून घालायचे. तू शिकलीस?"

जावयानं ते बाईला इंग्रजीत सांगितलं, तशी तिनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलली असती तरी मी हरकत घेतली नसती. पण ती हसली आणि बोट माझ्याकडे केलं. मग जावयानं सगळी कथा सांगितली, सासऱ्याची बाजू न घेता.

मैत्रीण मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "पोलिसात होतात ना? मग मिशीवरची बिस्किटं तरी पुसायचीत!"

मी मिशीवर हात फिरवला. होती! सकाळपासून मुद्देमाल तोंडावर घेऊन मी तपास करत होतो.

उरलेला वेळ दोघींनी एका बाकावर बसून घावणे खाल्ले. निघताना मैत्रिणीनं डबा ठेवून घेतला नाही. बाजारातनं खजूर घेतला, डबा भरला आणि बाईच्या हातात दिला. "आता परत आणून दे," म्हणाली. "आणि जावईबुवा, तेव्हा ह्यांना बसमध्ये ठेवू नका."

ह्या केसनं मला काय शिकवलं? आधी फिर्याद ऐका. संशय घ्यायचा तर स्वतःपासनं सुरुवात करा. आणि चष्मा खिशात ठेवायची वस्तू नाही. नोकरीत ज्यांना मी नुसतं बघून बघून घाम फोडला, त्यातल्या किती जणांना काय हरवलंय तेच ठाऊक नसेल, हा विचार आता कधीकधी येतो. तेव्हा यायला हवा होता.

जावई अजून मला बसवर नेतो. पण मुलगी सुट्टीत गावी गेली होती तेव्हा भांड्यांच्या दुकानातनं माझ्यासाठी नवा डबा घेऊन आली. झाकणावर ठळक अक्षरात माझं नाव कोरलंय, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. आणि त्याच्या खाली: "पप्पा, फक्त हाच."